मालाची बांधणी : हळद, केळी व कापूस

शेतात माल उत्तम पिकला व काढणी वेळेवर झाली, एवढ्याने शेतकऱ्याचे काम संपत नाही. पैनगंगेकाठच्या उमरखेड तालुक्यात हळद, केळी व कापूस ही तिन्ही पिके होतात. पण पैसा हाती येतो तो माल बाजारात धड पोचल्यावर. वाटेत माल बिघडला, तर हत्ती गेला आणि शेपूट राहिले अशी गत होते. म्हणून बांधणीविषयी चार गोष्टी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

माल सजीव आहे की सुकलेला, हे प्रथम पाहावे. सजीव माल तोडल्यावरही श्वसन करतो. त्यातून उष्णता व ओल सुटते, म्हणून त्यास वारा पाहिजे. सुकलेल्या मालास बाहेरची ओल हीच वैरीण. एका हळदीचेच उदाहरण घ्या. बेण्याचे ओले कंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडल्यास घामेजून सडतात. ते विरळ विणीच्या गोणपाटात बेताने भरून सावलीतून न्यावेत. शिजवून वाळविलेल्या हळदीचे याच्या उलट. तिच्यातील ओलावा शेकडा १० च्या आसपास उतरला व हळकुंड खणखणीत आवाज करून मोडले, म्हणजे ती भरण्यायोग्य झाली. उन्हात तापलेली हळद मात्र निवल्यावाचून भरू नये. कांडी व गट्टू निरनिराळे ठेवावेत. खताचे वा कीटकनाशकाचे रिकामे पोते कदापि वापरू नये. थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून दूर लावावी.

केळी तर अगदी नाजूक. दूरच्या बाजारासाठी घड पूर्ण भरण्यापूर्वी, सुमारे बारा आणे तयार असता कापावा. फण्या सोडवून चीक पाण्याने धुवावा, निथळू द्यावा व मगच पुठ्ठ्याच्या भोकांच्या खोक्यात मऊ कागद घालून भराव्यात. खोके रचताना भोके झाकू नयेत. पिकू लागलेले एकही फळ आत जाऊ देऊ नये; त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारची केळी अकाली पिकतात. शीतगृहाची गाडी मिळाली तरी उष्णमान १३ अंशांखाली नेऊ नये, नाही तर साल काळवंडते.

कापसास धोका आहे तो परक्या धाग्यांचा. प्लॅस्टिकच्या पोत्याचे तंतू रुईत मिसळले, तर ते कापडावर रंग घेत नाहीत व ठिपके दिसतात. यास्तव वेचणीची ओटी व भरणीचे पोते सुती कापडाचे असावे. दवाने भिजलेला कापूस वाळवूनच भरावा व गाडीवर ताडपत्री घालावी.

या कामी फार खर्च नाही. लागते ती थोडी सबुरी. नवीन रीतीची प्रथम दोन-चार खोक्यांवर परीक्षा करावी, व्यापाऱ्याकडे माल उघडताना शक्य तर स्वतः हजर राहावे, आणि मगच सर्व माल तशा बांधणीने रवाना करावा, अशी आमची शिफारस आहे.