मुंबई ते जेद्दा : तिकिटावरचे तीन तास

अब्बा-अम्मींच्या उमऱ्याची तिकिटे आली आणि गणेशपुरीच्या आमच्या घरात पहिला वाद झाला तो घड्याळावरून. तिकिटावर छापले होते : मुंबईहून संध्याकाळी 6 ला सुटणार, जेद्दाला रात्री 9 ला पोचणार. "तीनच तास! इथून व्ही.टी.ला जायलाही तेवढेच लागतात," अब्बा खूश होऊन म्हणाले. मग संध्याकाळची इन्सुलिन आणि जेवण तिकडे उतरूनच, असे त्यांनी ठरवूनही टाकले.

तिथेच घोटाळा होता. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची जेद्दाची. सौदीचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. म्हणजे तिकडे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात. प्रवास साडेपाच तासांचा. येताना उलटे : तिकिटावर सात तास दिसले, तर विमान हवेत साडेचारच तास. वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे परतीचा प्रवास लवकर होतो.

सरळ रेषेत मोजले तर अंतर साधारण साडेतीन हजार किलोमीटर. आमचे दादा मुघल लाइनच्या जहाजाने हजला गेले होते, तेव्हा याच वाटेला आठवड्याहून जास्त लागला होता. मुंबईहून हजची जहाजे 1995 पर्यंत जात होती. दादांना पाण्यावर एहरामची तयारी करायला दिवस होते. विमानात मिनिटे असतात. जेद्दा यायला अर्धा-पाऊण तास उरला की विमान मीकात ओलांडते, आणि नियत त्याआधी झालेली हवी. आमच्या फुप्पाजींनी एहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत ठेवल्या आणि बॅग सामानात दिली. शेजारच्या भल्या माणसाकडे जादा जोड निघाला म्हणून निभावले. त्यामुळे अब्बांनी घरूनच एहराम बांधायचा, नियत विमानात, असे ठरले. आधी मदिनेला जाणाऱ्यांना ही घाई नाही.

मग्रिबचेही तसेच. विमान सूर्याच्या मागे पश्चिमेकडे धावते, म्हणून संध्याकाळ लांबत जाते. मनगटावरचे मुंबईचे घड्याळ पाहून नमाज पढू नये, खिडकीबाहेर पाहावे. रमजानात जाणाऱ्याचा रोजाही असाच लांबतो.

खरा हिशेब मात्र विमानाचा नव्हताच. गणेशपुरी ते विमानतळ सत्तर किलोमीटरच्या आसपास. शिरसाडवरून जा नाहीतर भिवंडी-ठाण्यावरून, गर्दी दोन्हीकडे. तीन तास आधी हजर राहायचे म्हणजे घर सोडायचे सकाळी अकराला. उतरल्यावर इमिग्रेशन, सामान, मग मक्केपर्यंत ऐंशीएक किलोमीटर. खोलीत पोचेपर्यंत आपल्याकडचे पहाटेचे तीन. सोळा तास, त्यातले हवेत साडेपाच. आखातात विमान बदलून जाणारे तिकीट थोडे स्वस्त होते, पण बहात्तर वर्षांच्या माणसाला आणखी पाच-सहा तास बाकड्यावर बसवायचे आमच्या मनाला पटले नाही.

डॉक्टरांनी सुयांच्या वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे कागदावर लिहून दिल्या आहेत. इन्सुलिन हातातल्या पिशवीत राहील, चिठ्ठीसह. खालच्या सामानात ती गोठू शकते. अब्बांचे जुने घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवायचे, जेद्दाची वेळ अम्मींच्या मोबाइलवर. कोणते घड्याळ कशासाठी, हे अम्मी रोज त्यांच्याकडून पाठ करून घेताहेत.