एका फुटाचा एक इंच

चिमुकलें घर बांधणें हा मुलांचा खेळ, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. भातुकली मुलींची, दिवाळींतला किल्ला मुलांचा, आणि थोरांनीं फार तर गणपतीची आरास करावी, अशी जणूं वाटणीच झालेली आहे. परंतु अलीकडे शहरांतील घरांतून एक नवीनच खोकें येऊं लागलें आहे. त्यांत लेझरच्या किरणानें कापलेल्या पातळ फळ्या, रंगीत कागद, कापडाचे तुकडे, तारा, मणी, एक छोटा विजेचा दिवा आणि जुळणी कशी करावी हें दाखविणारें चित्रांचें पुस्तक, एवढें सामान असतें. पंधरा-वीस दिवस रोज तास-दीडतास खर्च केला, कीं वीतभर रुंदीची एक सजविलेली खोली तयार होते. खांदा कॉलनींत आमच्या आसपासच्या तीन-चार घरांत अशा खोल्या कपाटावर बसलेल्या मीं पाहिल्या आहेत. त्या बांधणारांत शाळकरी मुलें थोडीं. नोकरींतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि रोज खांदेश्वर स्टेशनावरून हार्बर लाइनच्या गाडीनें मुंबईस जाऊन-येऊन थकलेल्या स्त्रियाच अधिक. तेव्हां, श्रोतेहो, हा छंद आहे तरी काय, त्यांत मन कां रमतें, आणि आपलें मराठी घर त्यांत कसें आणतां येईल, याविषयीं आज थोडें सांगावें असा विचार आहे.

मुळांत हा छंद थोरांचाच. सतराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील श्रीमंत स्त्रिया मोठ्या कपाटांत खणाखणांतून घरें सजवीत. अॅमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमन या बाईनें १६८६ पासून १७१० पर्यंत असें एक घर सजविलें. तें आज तेथील रायक्सम्युझियममध्यें आहे. त्यांतील चिनी मातीचीं भांडीं त्या मापाचीं थेट चीनमधून करवून आणलेलीं होतीं. मुलांनीं त्यास हात लावावा अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. दुसरें प्रसिद्ध घर इंग्लंडच्या मेरी राणीचें. नवी दिल्लीची रचना करणारे एडविन ल्युटेन्स यांनींच त्याचा आराखडा केला, आणि १९२४ सालीं वेंब्ली येथील प्रदर्शनांत तें लोकांस दाखविलें गेलें. त्याच्या नळांना पाणी येतें, दिवे लागतात. ग्रंथालयांतील बोटाएवढ्या पुस्तकांत तर शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनीं मुद्दाम लिहून दिलेली एक गोष्टही आहे. तें घर विंडसरच्या राजवाड्यांत आहे. त्याविषयीं मला आदर वाटतो, प्रेम वाटत नाहीं. शेंकडों कारागिरांकडून करवून घेतलेल्या घराला छंद म्हणणें जड जातें.

आपल्याकडे या कलेचीं अंगें विखुरलेलीं आहेत. सावंतवाडीचीं लांकडी खेळणीं प्रसिद्धच आहेत. पुण्यास कोथरूड येथें भाऊ जोशी यांनीं उभारलेलें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ पासून आहे. तेथें रूळ, सिग्नल, पूल, घरें असें एक सबंध गांवच मांडलेलें आहे. आणि दिवाळींतला किल्ला तर घरोघरचाच. आमच्या भागांतील मुलें किल्ला करावयास बसलीं, कीं मातीच्या ढिगावर एक उभा दगड हटकून रोंवतात. तो कर्नाळ्याचा सुळका! जगाच्या वारसास्थळांत २०२५ सालीं जे बारा मराठी किल्ले घेतले गेले, त्यांत कर्नाळा नाहीं; पण पनवेलच्या मुलांच्या यादींत तो पहिला आहे.

या किल्ल्यांत एक गंमत असते. दरवाजापेक्षां मावळा उंच, आणि बुरुजापेक्षां तोफ मोठी. मुलांना तें मुळींच खटकत नाहीं, आणि खटकूंही नये. मात्र घर बांधणाराची विद्या नेमकी येथून सुरू होते. तिचें नांव प्रमाण. जगभर या छंदांत सर्वमान्य झालेलें प्रमाण एकास बारा हें आहे, म्हणजे खऱ्या घरांतील एका फुटास चिमुकल्या घरांत एक इंच. फुटाचे इंच बाराच असल्यामुळें येथें गणित करावेंच लागत नाहीं. दहा फूट रुंद, बारा फूट लांब अशी आपली खोली असेल, तर दहा इंच रुंद, बारा इंच लांब फळी घ्यावी, झालें. मीटरनें मोजावयाचें तर एका मीटरचे सुमारें त्र्याऐंशीं मिलिमीटर धरावे. बाजारांतील खोक्यांतून पुष्कळदां याच्या निम्मे, म्हणजे एकास चोवीस, असें प्रमाण असतें. तें जागेस सोयीचें, पण डोळ्यांस कठीण. आगगाडीवाल्यांचें प्रमाण आणखी निराळें, बहुधा एकास सत्त्याऐंशीं.

येथपर्यंत सोपें आहे. परंतु लांबी बारापट कमी झाली, कीं क्षेत्रफळ बारा गुणिले बारा, म्हणजे एकशें चव्वेचाळीसपट कमी होतें, आणि घनफळ एक हजार सातशें अठ्ठावीसपट! बारा लिटर पाणी मावणारी घागर या घरांत आणली, तर तिच्यांत सुमारें सात मिलिलिटर पाणी राहील, म्हणजे चहाचा दीड चमचाही नाहीं. बरें, हें पाणी पाण्यासारखें वागतही नाहीं. वाटाण्याएवढ्या तांब्यांत पाणी घातलें, तर तें काठापर्यंत सपाट न राहतां मध्यें फुगतें, मोत्यासारखें गोल होऊं पाहतें. कारण थेंबाला बांधून ठेवणारा पृष्ठभागाचा ताण आहे तेवढाच राहतो आणि वजन मात्र जवळजवळ नाहींसें झालेलें असतें. म्हणून जाणते लोक तेथें पाणी भरीत नाहींत. पारदर्शक डिंकाचा एक थेंब वाळवून ठेवतात. तीच गोष्ट कापडाची. नेहमींच्या कापडाचा पडदा शिवला, तर तो फळीसारखा ताठ उभा राहतो, कारण त्याला खालीं ओढणारें वजनच नाहीं. त्याला चुण्या पाडावयाच्या तर धुवून धुवून विरलेल्या धोतराचा तुकडा घ्यावा, पातळ डिंकांत भिजवावा, आणि टांचण्या टोंचून हव्या त्या आकारांत वाळूं द्यावा. शाळेंत चाळीस मुलांना घनफळ शिकवितांना माझा घसा कोरडा पडत असे. हा एक पडदा त्यांच्या हातीं दिला असता तर निम्में काम झालें असतें.

आतां विश्रांतीविषयीं. स्वस्थ बसल्यानें मनाला विश्रांति मिळते हा समज फारसा खरा नाहीं. रिकामें मन आपली काळजी आपणच शोधून काढतें. चिमट्यानें एक इंचाची खुंटी भिंतींत बसवितांना मात्र मन कोठें जाऊं शकत नाहीं. श्वाससुद्धां सांभाळून घ्यावा लागतो. शिवाय येथें घाई चालत नाहीं. पांढरा डिंक वाळावयास त्याचा वेळ घेतोच. रागावून तो लवकर वाळत नाहीं. आणि दिवसाच्या शेवटीं कांहींतरी झालेलें दिसतें, काल नव्हती ती पायरी आज आहे. ज्यांचें सारें काम कागदावर किंवा पडद्यावर चालतें, त्यांना या दिसण्याची भूक किती असते, हें मला शेजारच्या तरुण मंडळींकडे पाहून कळलें.

या खोक्यांबद्दल माझी तक्रार एकच. त्यांतून निघणारीं घरें परक्यांचीं असतात. कॉफीचें दुकान, फुलांचें दुकान, उतरत्या छपराखालचें वाचनालय. सारें सुबक, पण कोठें उंबरठा नाहीं, देवघर नाहीं, कोनाडा नाहीं, चूल नाहीं. हात बसण्यासाठीं पहिलें घर तसें बांधावें. दुसरें मात्र आपलें बांधावें, असा माझा आग्रह आहे.

आपलें म्हणजे कोणतें? आमचें घर पनवेल तालुक्यांतील एका खेड्यांत होतें. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागें पडवी आणि न्हाणी. वर मंगळुरी कौलें. तें २००९ सालीं पाडलें गेलें, आणि त्या जागीं आज चार मजल्यांची इमारत आहे. घराचा नकाशा कोणी काढलेला नव्हता. एका लग्नाच्या छायाचित्रांत ओटीचा कोपरा तेवढा दिसतो. आंतलें घर आतां दोनच माणसांच्या आठवणींत उरलें आहे: माझ्या, आणि पेणला राहणाऱ्या माझ्या वडील बहिणीच्या. अक्काला अठ्ठ्याहत्तरावें वर्ष चालू आहे, आणि तिची दृष्टि दोन वर्षांपासून फारच अधू झाली आहे.

नसलेल्या घराचें माप कसें घ्यावें, ही यांतील सर्वांत रंजक गोष्ट, म्हणून जरा विस्तारानें सांगतों. माजघराची लांबी आम्हांला अंथरुणांवरून काढतां आली. तेथें एका ओळींत सात अंथरुणें पडत आणि शेवटचें दाराला टेकत असे. एका अंथरुणास अडीच फूट धरले, तर साडेसतरा फूट; म्हणजे आपल्या घरांत साडेसतरा इंच. दाराची उंची वडिलांवरून काढली. ते पांच फूट सात इंच होते, आणि आंत येतांना मान तेवढी लववीत. तेव्हां चौकट सव्वापांच फुटांच्या आसपास असली पाहिजे. ओटीची पायरी अक्कानें आपल्या पोटरीवर हात ठेवून दाखविली. मी फूटपट्टी घेऊन बसलेलोंच होतों. शरीराच्या मापांचा विसर पडत नाहीं. आंकडे विचारले तर ती एकही सांगूं शकली नसती.

एका ठिकाणीं मात्र एकमत झालें नाहीं. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेस होती, सकाळचें ऊन थेट चुलीवर येई, असें अक्का म्हणते. माझ्या डोळ्यांपुढें त्या खिडकींतून मागल्या दारची चिंच दिसते, आणि चिंच तर पश्चिमेस. निवाडा करणारें तिसरें माणूस नाहीं. म्हणून मीं त्या दोन्ही भिंती खांचेंत सरकणाऱ्या केल्या आहेत, आणि प्रत्येकीचे दोन नमुने केले आहेत: एक खिडकीचा, एक बिनखिडकीचा. अक्का आली कीं खिडकी पूर्वेस जाते.

छपरासाठीं थोडा हिशेब लागला. मंगळुरी कौल साधारण एक्केचाळीस सेंटिमीटर लांब असतें; तें येथें चौतीस मिलिमीटर होतें. मागची अर्धी बाजूच झांकावयाची असल्यामुळें तीनशें कौलांत काम भागलें. जाड कागद कापून, गेरूच्या पाण्यांत बुडवून, पेन्सिलीवर किंचित् वळवून, रोज पंचवीस याप्रमाणें बारा दिवस. रिपांसाठीं खराट्याचे हीर वापरले, वाशांसाठीं आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून घेतल्या, चूल शाडूची. शाडू पेणहून अक्कानेंच पाठविला. गणपतीच्या कारखान्यांच्या त्या गांवीं त्याला काय तोटा!

घर पुरें झाल्यावर ती आली, तेव्हां तिनें तें पाहिलें नाहीं, दिसलेंच नसतें. चष्मा बाजूला ठेवून तिनें दारांतून तर्जनी आंत घातली. उंबरठा, मग डावीकडची भिंत, मग जातें, मग चूल. चुलीजवळ बोट थांबलें. "अरे, हिला वैल कुठें आहे? दूध कशावर ठेवूं?" वैल दुसऱ्या दिवशीं बसविली. या भेटीनंतर मीं घरांतील प्रत्येक वस्तु पक्की चिकटवून टाकली. कपाटांत ठेवून पाहावयाच्या घरांत भांडीं नुसतीं मांडलीं तरी चालतात. हातानें वाचावयाच्या घरांत चालत नाहींत. ज्यांच्या घरीं दृष्टि गेलेलें कोणी वडीलधारें माणूस असेल, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, आणि धारदार कडा कांचकागदानें घासून बोथट कराव्या.

आतां कांहीं व्यवहाराच्या सूचना. आमच्या पनवेलीकडे पावसाळा जबर. खोक्यांतील फळ्या बहुधा एमडीएफच्या, म्हणजे लांकडाचे बारीक तंतू डिंकांत दाबून केलेल्या असतात. त्या दमट हवेनें फुगतात. जोडण्यापूर्वींच फळीला दोन्ही बाजूंनीं रंगाचा हात द्यावा. एकाच बाजूस दिला तर ती वांकते. जून ते सप्टेंबर जोडकाम कमी करावें आणि भांडीं, कौलें असें सुटें काम उरकून घ्यावें. झटपट चिकटणारा डिंक शक्यतों टाळावा. त्याची वाफ डोळ्यांस झोंबते, बोटें चिकटतात, आणि पारदर्शक खिडकीवर पांढरी साय येते. पातें नवें असावें. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि तोच बोटावर येतो. उजेड डाव्या खांद्यावरून घ्यावा, अर्थात् डावखुऱ्यांनीं उजव्या. अर्ध्या तासानें उठून दूरवर पाहावें. आम्ही खिडकींतून खांदेश्वराच्या तलावाकडची झाडें पाहतों.

एक सूचना मात्र गंभीर आहे. या घरांतील दिवे पुष्कळदां बटणासारख्या चपट्या बॅटरीवर चालतात. ती लहान मुलानें गिळली आणि अन्ननलिकेंत अडकली, तर दोन तासांच्या आंत तेथें भाजल्यासारखी जखम होऊं शकते. नातवंडें येणार असतील त्या घरांत अशी बॅटरी उघडी ठेवूंच नये. बॅटरीचें झांकण स्क्रूनें आवळलेलें असावें. आणि ती गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपायांत वेळ न घालवितां तत्काळ इस्पितळ गांठावें.

ज्यांना खोकें विकत आणावयाचें नाहीं, त्यांनीं एका कोनाड्यानें प्रारंभ करावा. एक इंच जाडीचा थर्मोकोल किंवा चिकटवलेल्या पुठ्ठ्यांची भिंत घ्यावी, तींत सव्वा इंच उंचीची कमान कोरावी, वर माती आणि डिंक कालवून पातळ लेप द्यावा, आणि लेप ओला असतांनाच बोटानें जरा ओबडधोबड करावा. वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा हात. कमानीच्या माथ्यावर पेन्सिलीच्या भुकटीनें थोडें काळें करावें. पणतीची काजळी तेथेंच धरत असे. पणती मिरीच्या दाण्याएवढी, शाडूची. एवढें काम दोन संध्याकाळीं होतें.