गोगलगाय आणि पोटात पाय!

आपल्या भाषेने काही प्राण्यांवर फार अन्याय केला आहे. गाढवाची गोष्ट सोडाच. पण जिने उभ्या जन्मात कोणावर शिंग उगारले नाही, त्या गोगलगायीलाही आपण कपटी ठरवून मोकळे झालो. वरून गरीब आणि आतून बिलंदर असा कोणी भेटला, की ही म्हण आपल्या ओठांवर आलीच म्हणून समजा.

मौज अशी, की शब्दशः पाहिले तर म्हण अगदी खरी आहे. शास्त्रज्ञांनी या वर्गाला दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थच ‘पोट-पाय’ असा होतो. मराठीत त्याचे ‘उदरपाद’ झाले. पोटाखालचा मांसल तळ हाच गोगलगायीचा पाय. बुळबुळीत स्राव सोडायचा आणि त्यावरून सरकायचे, ही तिची चाल. जिभेवर मात्र कानशीसारखे हजारो सूक्ष्म दात! आपल्या देव्हाऱ्यातला शंख हे तिच्याच एका समुद्रातल्या भाऊबंदाचे घर. एकाच्या कवचाला गंधफूल आणि दुसरीच्या नशिबी चपलेची टाच!

तिची चिकाटी पाहावी तर थक्क व्हावे. हवा कोरडी पडली, की ती कवचाचे तोंड पातळ पडद्याने मिटून आत पडून राहते. इजिप्तमधून आणलेली अशीच एक गोगलगाय मेलेली समजून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १८४६ साली पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून टाकली होती. १८५० साली पुठ्ठ्यावर ओलसर डाग दिसला, म्हणून तिला कोमट पाण्यात ठेवले, तर बाई हळूच बाहेर आल्या! पुढे त्या कोबी खाऊन आणखी दोन वर्षे जगल्या.

ही बाई लंडनमध्ये चिकटून होती, त्याच काळात, १८४७ साली, तिची एक दांडगी चुलत बहीण हिंदुस्थानात उतरली. विल्यम बेन्सन नावाच्या, शंखशिंपल्यांचा नाद असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून मूळच्या आफ्रिकेतल्या मोठ्या गोगलगायी कलकत्त्यास आणल्या आणि स्नेह्याकडे ठेवल्या. त्याने त्या चौरंगीतल्या आपल्या बागेत सोडून दिल्या. झाले! या जातीत प्रत्येक जीव नरही असतो आणि मादीही. त्यामुळे अंडी घालण्याचे काम सगळ्यांकडेच, आणि तीही एका खेपेस शंभरावर.

त्या हौशीची किंमत कोणी मोजली? २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनचे कोवळे कोंब रात्रीतून फस्त झाले. सकाळी शेतकरी पाहतो, तर पेरलेल्या ओळी मोकळ्या! कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. तिकडे हिला ‘शंखी गोगलगाय’ म्हणतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकायची, रात्री त्याखाली जमलेल्या गोगलगायी पहाटे वेचायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, हा तिथला उपाय. घरातली पोरेबाळेसुद्धा वेचायला जुंपली जातात.

मग म्हण खरी म्हणायची का? मला तसे वाटत नाही. तिने काही लपवले नव्हते. जो पाला पुढ्यात आला तो तिने खाल्ला. समुद्र ओलांडण्याइतके बळ तिच्या पायात नव्हते. ते पाय आपले होते.

आणि ते अजून थांबलेले नाहीत. दिवाळीच्या निमित्ताने आपण गॅलरीसाठी फुलझाडांच्या कुंड्या आणतो. मातीबरोबर हिची मोहरीएवढी नव्हे, चांगली ज्वारीच्या दाण्याएवढी अंडीही घरी येऊ शकतात. तेव्हा कुंडी आणली, की तिचा तळ आणि माती एकदा उलथून पाहावी. गोगलगाय सापडली तर उघड्या हाताने उचलू नये, कारण तिच्या अंगी रोगकारक कृमी असू शकतात. आणि बागेत सोडून देण्याचा दयाळूपणा तर मुळीच करू नये. चौरंगीच्या त्या स्नेह्याने तेवढेच केले होते!