हात थरथरतो, तो कंपवातच का?



भाकरी थापताना सासूबाईंचा एकच हात मागे पडतो. चालताना तो हलत नाही, पाय फरफटतात. घरात म्हणतात, "वय झालं." पण हा कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स असू शकतो. १८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी त्यावर सविस्तर लिहिलं, म्हणून हे नाव.

मेंदूत खोलवर काही काळपट पेशी असतात. त्या डोपामिन नावाचं रसायन तयार करून लांब धाग्यांनी पुढे पोचवतात, जसं पाटाचं पाणी शेतात जातं. त्यामुळे हालचाल सुरळीत होते. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात, बहुधा एका बाजूच्या आधी. त्रास जाणवेपर्यंत बरीच हानी झालेली असते.

मुरबाड-शहापूरहून आपण कल्याण-ठाण्याला जातो, एमआरआय काढतो. कंपवातात तो बहुतेकदा नॉर्मल येतो. कारण एमआरआयमध्ये पाट दिसतो, त्यात पाणी वाहतंय का ते दिसत नाही. तरी तो वाया जात नाही; लकवा, मेंदूत पाणी साठणं अशी दुसरी कारणं त्यात कळतात.

डोपामिनची कमतरता दाखवणारी एक तपासणी म्हणजे ट्रोडॅट स्कॅन. शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात. ते डोपामिनच्या धाग्यांच्या टोकांना चिकटतं. काही तासांनी कॅमेऱ्याखाली पडून राहायचं. निरोगी मेंदूत दोन्हीकडे स्वल्पविरामासारखा आकार उजळतो. धागे कमी झाले की त्याची शेपटी पुसट होते, नुसतं टिंब उरतं.

'किरणोत्सारी' ऐकून घाबरू नका. अशा औषधांनी तपासणारं भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला १९६३ पासून आहे. ट्रोडॅटमधल्या द्रव्याचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. मात्र बाई गरोदर असेल किंवा बाळाला पाजत असेल तर आधी सांगायचं. सोबतही गरोदर सुनेला पाठवू नका.

हा स्कॅन कधी कामाचा? चक्करेवरच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन, उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइड आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही असाच कंप येतो. घराण्यात चालत आलेला कंपही असतो. तो कप उचलताना, सही करताना वाढतो. या दोन्हींत स्कॅन सहसा नॉर्मल येतो. गोळीमुळे कंप असेल तर डॉक्टरांनी ती बदलल्यावर बहुतेक जणी काही महिन्यांत सुधारतात. नाहीतर नको ते औषध वर्षानुवर्षं चालू राहतं.

पण स्कॅन सगळं सांगत नाही. पार्किन्सन्ससारखेच दिसणारे इतर काही आजार आहेत, त्यांतही टिंबच दिसतं. त्यांतला नेमका कोणता, हे डॉक्टर तपासून आणि लेवोडोपा गोळीचा गुण पाहून ठरवतात. लक्षणं स्पष्ट असतील तर बऱ्याच जणींना हा खर्चिक स्कॅन लागतही नाही. म्हणून आधी विचारा, "डॉक्टर, या स्कॅननं औषध बदलणार आहे का?"

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामीसुद्धा, पिशवीत घालून न्या. आणि आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

येत्या बैठकीत एकमेकींना विचारूया: आपल्या घरात 'वय झालं' म्हणून कोणाला बसवून तर ठेवलं नाही ना?