मॅट पुसणं सोपं, सांगणं अवघड

ज्युदोच्या क्लासला नव्याने गेलात की डाव लगेच शिकवत नाहीत. आधी वाकून नमस्कार, मग नीट पडायला शिका, आणि मग मॅट पुसा. नखं कापलेली हवीत, गी (तो जाड पांढरा ड्रेस) धुतलेला हवा, मॅटवरून उतरलं की पायात चप्पल हवी. नखं आणि स्वच्छ कपडे तर आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांतही आहेत. नव्या पोरांना ही सगळी 'जपानी शिस्त' वाटते. मलाही वाटायची, आणि मी तर पीएचडी बुरशीवर करतेय!

गजकर्ण, म्हणजे नायटा, हा किडा नाही, बुरशी आहे. आपल्या त्वचेच्या वरच्या थरातलं केराटिन हे तिचं अन्न. धड त्वचेवर तिला सहज शिरकाव मिळत नाही. पण ज्युदोत काय होतं बघा: घाम, घर्षण, आणि खरखरीत कॉलरने मानेवर उठलेले बारीक ओरखडे. एवढं तिला पुरतं. सुटलेल्या त्वचेच्या कणांत तिचे बीजाणू महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून मॅट पुसायची. आधी धूळ-घाम काढा, मग जंतुनाशक लावा, कारण मळ असला की ब्लीचचा जोर त्या मळावरच संपतो. आणि लावल्या लावल्या कोरडं करू नका, काही मिनिटं ओलं राहू द्या. आमच्याकडे हे कुणीच पाळत नव्हतं.

पण खरा प्रश्न मॅटचा नाहीच. 1989 मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या एका कुस्ती शिबिरात 175 पैकी 60 मुलांना नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचा (हर्पिस सिम्प्लेक्स) संसर्ग झाला. तपासात दिसलं की तो मुख्यतः अंगाला अंग लागून पसरला होता. पुरळ आलेल्या मुलाशी जे खेळले, त्यांना धोका जास्त होता. बुरशीचं दुखणं आणखी चिवट. जपानच्या ज्युदो क्लबांमध्ये साधारण 2000 नंतर ट्रायकोफायटन टॉन्सुरन्स ही बुरशी पसरली. ती टाळूवर काही लक्षण न दाखवताही राहू शकते. म्हणून तिथे खेळाडूंच्या डोक्यावरून ब्रश फिरवतात आणि त्याचे दात प्लेटमधल्या माध्यमावर टेकवून काय उगवतं ते बघतात. साधी, स्वस्त आणि मला फार आवडलेली पद्धत.

आता माझी गोष्ट. मागच्या वर्षी स्पर्धेच्या तोंडावर माझ्या मनगटाच्या वर रुपयाएवढा लाल चट्टा आला. काय आहे ते मला पाहताक्षणी कळलं. तरी मी बाही खाली ओढली आणि मेडिकलमधून एक ट्यूब आणली. त्यात स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडने लाली आणि खाज कमी होते, कारण शरीराचा प्रतिकारच दबतो. बुरशी मात्र आरामात वाढते. तीन आठवड्यांनी माझ्याबरोबर सराव करणाऱ्या मुलीच्या मानेवर तसाच चट्टा. कॉलरची पकड घेताना माझं मनगट नेमकं तिथेच घासतं. नमुने जुळवून पाहिले नाहीत, त्यामुळे माझ्याकडूनच गेलं असं शास्त्रीयदृष्ट्या म्हणता येणार नाही. पण स्पर्धा तिची हुकली, माझी नाही. "ताई, हे कुठून आलं असेल हो?" हेही तिने मलाच विचारलं.

त्यात आपल्याकडे ट्रायकोफायटन इंडोटिनी आहे, जिला 2020 मध्ये वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळालं. तिच्या बऱ्याच प्रकारांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या शालेय कुस्तीतला 'अंगावरच्या चट्ट्यावर 72 तास उपचार, मग खेळा' हा नियम इथे डोळे मिटून उचलू नये. मॅटवर कधी परतायचं ते त्वचेच्या डॉक्टरांनाच विचारा. औषधही चट्टा दिसेनासा झाला म्हणून थांबवू नका, ते सांगतील तोवर लावा.

ज्युदो सुरू करणाऱ्या कानो जिगोरो यांच्या दोन तत्त्वांपैकी एक आहे 'जिता क्योएई': स्वतःचं आणि समोरच्याचं, दोघांचंही भलं. ते मला तोंडपाठ होतं.

शेवटी मी सरांना आणि तिला सगळं सांगितलं. ती आठ दिवस बोलली नाही. आता रांगेत उभं राहण्याआधी सर विचारतात, "कुणाला खाज, चट्टा, काही?" हात वर करणाऱ्याला घरी पाठवत नाहीत. तो मॅटबाहेर बसतो, वेळ लावतो, गुण मांडतो, आणि त्याची हजेरी लागते. हजेरी कापली जायची तोवर कुणीच बोलत नव्हतं. मागच्या आठवड्यात दोन हात वर आले.