आकाश आणि आकडेमोड एकाच वहीत

वेध घेणाऱ्याची दृष्टी एकीकडे आणि गणित मांडणाऱ्याची वही दुसरीकडे, अशी जी फारकत ज्योतिर्विदांच्या व्यवहारात दीर्घकाळ रूढ होती, ती मिटविणारे साधन आज कोणाही जिज्ञासू विद्यार्थ्याच्या संगणकावर अल्प खटपटीत उभे राहते. आज्ञावली, तिचे उत्तर आणि आपले विवेचन ज्या पानावर एकाखाली एक नोंदता येते ती 'ज्युपिटर' नोटबुक, आणि फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे 1972 साली स्थापन झालेल्या खगोलीय माहितीकेंद्राचा 'अलादीन लाइट' हा आकाशदर्शक, या दोहोंची सांगड 'आयपायअलादीन' हे पायथनचे छोटेसे पॅकेज घालून देते.

पायथनच्या 'पिप' या स्थापक-साधनाच्या साहाय्याने हे पॅकेज इन्स्टॉल करावे, ब्राउझरमधील पान एकदा रिफ्रेश करावे, नोटबुकच्या पहिल्या सेलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या कप्प्यात, पॅकेजातील 'अलादीन' मागवून घ्यावा, त्यास लक्ष्य म्हणून 'एम 1' व दृष्टिक्षेत्र म्हणून अर्धा अंश सांगून त्या दर्शकाला एक नाव द्यावे, आणि ते नाव शेवटच्या ओळीत एकटेच लिहून सेल चालवावा, एवढाच काय तो कारभार. त्या सेलखालीच वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघ, म्हणजे 1054 साली चिनी निरीक्षकांनी ज्याची नोंद केली त्या स्फोटाचा अवशेष, प्रकट होतो; आणि अर्धा अंश म्हणजे सुमारे पूर्णचंद्राच्या बिंबाची रुंदी, हे ध्यानी घेतले, की सुमारे सात कलांचा हा मेघ चौकटीच्या रुंदीचा जवळजवळ चतुर्थांश का व्यापतो, याचा उलगडा सहज होतो.

एवढे विशाल नभोमंडळ लहानशा संगणकात मावते कसे, ही शंका रास्त आहे. समग्र खगोलाचे प्रथम 12 समक्षेत्र विभाग, मग प्रत्येकाचे 4, त्या प्रत्येकाचे पुन्हा 4, अशा पायऱ्यांनी चित्रे रचून ठेवलेली असतात, आणि आपण जेथे व जितक्या जवळून पाहतो तेवढेच तुकडे दूरच्या दप्तरातून मागविले जातात.

आरंभी दिसणारे आकाश हे बहुधा पालोमार आणि ऑस्ट्रेलिया येथील श्मिट दुर्बिणींनी घेतलेल्या छायाचित्र-काचांचे अंकीय रूप असते. परंतु एका ओळीत सर्वेक्षणाचे नाव बदलताच तोच प्रदेश अवरक्त किरणांत, किंवा पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्‌झवर टिपलेल्या स्वरूपात, समोर येतो. 'सिम्बाद' या सूचीतून त्या प्रदेशातील ज्योतींचा तक्ता मागवून तो दृश्यावर अंथरता येतो. आणि माउसने दृश्य सरकविले, तर नव्या मध्यबिंदूचे निर्देशांक पुढच्या सेलमध्ये विचारून गणितास घेता येतात.

या व्यवस्थेचे खरे मोल मला येथेच दिसते. कोणता प्रदेश, कोणत्या प्रकाशात, किती विस्ताराने पाहिला, याचा तपशील आज्ञेतच लिहिलेला असल्यामुळे निष्कर्षाशेजारी त्याचा दाखला कायम राहतो, आणि ज्याला तो निष्कर्ष पटत नाही, त्याने तोच सेल चालवून तेच आकाश स्वतः पाहावे, अशी वाट त्याच्यासाठी मोकळी राहते.