नागापूर ते राहुरी : प्रवासाच्या वेळेचा भरवसा कसा मोजायचा?

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीतून माल भरून राहुरीकडे निघणाऱ्या टेम्पोवाल्याला किती वेळ लागेल असं विचारलं, तर उत्तर साधारण असं येतं : "पाऊण तास धरा. पण उसाच्या गाड्या आडव्या आल्या तर काही सांगता येत नाही." रस्त्याचा अभ्यास करणाऱ्याला हवी असलेली माहिती या उत्तराच्या दुसऱ्या वाक्यात आहे.

समजा, 20 दिवसांपैकी 17 दिवस 45 मिनिटं लागली आणि 3 दिवस 85. सरासरी निघते 51 मिनिटं, आणि प्रत्यक्षात 51 मिनिटं एकाही दिवशी लागलेली नाहीत. पाळीवर वेळेत पोचायचं असलेल्या कामगाराला किंवा दवाखान्यात निघालेल्या बाईला या सरासरीचा उपयोग शून्य. म्हणून वाहतूक अभियंते सगळ्या फेऱ्या कमी वेळेपासून जास्त वेळेपर्यंत ओळीने लावतात आणि शंभरातली पंच्याण्णवावी फेरी पाहतात. आपल्या वीस फेऱ्यांत ती एकोणिसावी, म्हणजे 85 मिनिटांची. सरासरीवर 34 मिनिटं जादा हाताशी ठेवली, तरच वेळेचा भरवसा धरता येतो. ही 34 मिनिटं कशामुळे लागतात, ते शोधण्यासाठी नोंदी करायच्या.

आधी वेळ मोजायची. सोपी आणि खात्रीची पद्धत गाडीच्या नंबराची. एक माणूस नागापूरला, दुसरा राहुरीच्या तोंडाशी. दोघांच्या मोबाइलची घड्याळं नेटवर्कवर जुळवलेली. जाणाऱ्या गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे, गाडीचा प्रकार आणि वेळ एवढंच लिहायचं किंवा बोलून रेकॉर्ड करायचं, आणि संध्याकाळी दोन्ही याद्या जुळवायच्या. यात एक मेख आहे. मधे देहरे गावात चहाला थांबलेली गाडीही उशिरा पोचते, पण तो उशीर रस्त्याचा नव्हे. अशा वेळी तिच्या मागच्या-पुढच्या गाड्या पाहायच्या. त्या 45 मिनिटांत पोचल्या आणि हिलाच 90 लागली, तर ही नोंद बाजूला काढायची. सगळ्यांनाच 90 लागली असतील, तर मात्र तो आकडा जपून ठेवायचा. एसटीच्या गाड्यांना बसवलेल्या जीपीएसवरूनही वेळ मिळू शकते. फक्त स्थानकात आणि थांब्यांवर उभं राहण्याचा वेळ त्यातून वजा करावा लागतो.

उशिराची कारणं जगभर साधारण सात धरली जातात : अपघात व बिघाड, रस्त्याची कामं, हवामान, रहदारीतले रोजचे चढउतार, यात्रा-उत्सव, सिग्नल आणि मुळात अपुरा रस्ता. नागापूर-राहुरी प्रवास ज्या नगर-मनमाड रस्त्यावरून होतो, त्यावर ही सातही भेटतात. एमआयडीसीची पाळी सुटली की रहदारी वाढते. शिर्डीला जाणाऱ्या भाविकांमुळे गुरुवार आणि शनिवार-रविवार वेगळे नोंदवावे लागतात. गुरुपौर्णिमेच्या आधी पुण्याकडून येणाऱ्या पायी पालख्या असतात.

पण नगर जिल्ह्याचं खास कारण म्हणजे उसाचा गाळप हंगाम, आणि सात कारणांच्या यादीत त्याला वेगळा रकाना नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या मार्गदर्शिकेत ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार मोटारींबरोबर आणि बैलगाडी आठ मोटारींबरोबर धरली आहे. रहदारीच्या मोजणीला हे ठीक आहे. भरवशाच्या अभ्यासाला मात्र तेवढं पुरत नाही. याच रस्त्यावरच्या विळद घाटात दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर चढाला लागला की मागे रांग लागते, आणि तोच ट्रॅक्टर रिकामा परतताना फारसा कोणाला अडवत नाही. त्यामुळे उसाची गाडी भरलेली की रिकामी, कोणत्या दिशेची, ट्रॅक्टर की बैलांची टायरगाडी, आणि मागे किती वाहनं अडकली, हे सगळं लिहायला हवं. अंधार पडल्यावर मागे रिफ्लेक्टर आहे का, हेही. तो नसेल तर मागच्या चालकाला ट्रॉली लांबून दिसत नाही.

हवामानाची नोंद करताना पावसाच्या आकड्यांत फसगत होते. हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजला जातो. संध्याकाळी सहाच्या कोंडीशी तो आकडा जुळवता येत नाही. त्यासाठी स्वयंचलित हवामान केंद्रांचा, उदाहरणार्थ महावेधचा, कमी अंतराने नोंदलेला पाऊस पाहावा. खड्डे स्वतंत्र रकान्यात हवेत, कारण पाऊस थांबला तरी ते पुढे कित्येक दिवस वेळ खातात. अपघाताच्या तीन वेळा लागतात : कधी झाला, रस्ता कधी अडला, कधी मोकळा झाला. पोलिसांच्या नोंदीत पहिली सहज सापडते. दुसरी आणि तिसरी जागेवरच्या लोकांना त्याच दिवशी विचारून ठेवावी. अवजड वाहनं विळद बाह्यवळणाने वळवली असतील तर त्या तारखाही टिपाव्यात, नाहीतर रहदारी अचानक का घटली ते पुढे उमगणार नाही.

माझ्या मते सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते काहीच न घडलेल्या दिवसांकडे. कोंडी झाली की वही उघडायची आणि एरवी ती बंद, असं केलं तर कारण सिद्धच होत नाही. उसाच्या 12 गाड्या असलेल्या तासाला उशीर झाला एवढंच लिहून काय उपयोग? तितक्याच गाड्या असूनही वेळेत पोचलेले तास त्याच वहीत असले, तरच तुलना होते. म्हणून प्रत्येक तासाची एक ओळ भरायची, मग त्या तासाला सगळं सुरळीत असलं तरी.

या नोंदी किमान वर्षभर चालवाव्यात. गाळप साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि पावसाळा जूनमध्ये, त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या नोंदीत एकाचंच चित्र येतं. वर्षाच्या शेवटी तास आणि हंगामानुसार तक्ते तयार होतात. सर्वात जास्त वेळ लागलेल्या फेऱ्या जर उसाच्या महिन्यांत एकवटलेल्या दिसल्या, तर घाटात चढाच्या बाजूला जादा मार्गिका आणि ऊसवाहतुकीच्या वेळा ठरवणं हे उपाय पुढे येतात. त्या फेऱ्या पाळी सुटण्याच्या तासात असतील, तर काम नागापूरच्या चौकात आहे.